नजरगहाण फुटपाथ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाखेत एके काळी हेडकॅशिअर असलेले नाना संध्याकाळचे निराला बाजारातून पायी निघाले होते. नाना आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. काचबिंदूने त्यांची नजर दोन्ही कडांनी खात आणली आहे. समोरचे नळीतून पाहावे तसे दिसते. बाजूचे आणि पायाजवळचे दिसत नाही. एका दुकानापुढे फुटपाथच्या मधोमध लोखंडी घडीची पाटी उभी होती. ‘सेल! आज शेवटचा दिवस’ असे तिच्यावर लिहिलेले होते. नाना तिच्यात अडखळले. पाटी फुटपाथवर पडली आणि नाना रस्त्यावर. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

मी भेटायला गेलो तेव्हा नाना हात गळ्यात बांधून पलंगावर बसले होते. याच हाताने त्यांनी तीस वर्षे नोटा मोजल्या. एकदाही कॅश कमी भरली नाही. मला पाहून हसले आणि म्हणाले, “साहेब, पडल्याचं काही नाही हो. पण नातू सांगतो, तो शेवटचा दिवस अजून चालूच आहे.”

घरी परतताना मी चिडलो होतो. निराला बाजारातून पैठण गेटकडे आणि तिथून टिळकपथाने गुलमंडीपर्यंत चालत गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वर न बघता खाली बघत गेलो. काय काय उभे होते म्हणता! घडीच्या पाट्या. मोबाइलवाल्यांच्या पुरुषभर उंचीच्या स्टँडी. साड्या नेसवलेले पुतळे. उसाच्या रसाची, झेरॉक्सची, ‘येथे आधार-पॅन करून मिळेल’ची पाटी. क्लासेसच्या पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो. आणि सगळ्यांत कळस म्हणजे रंगाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून त्यात उभा केलेला लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला गोल पत्रा: ‘नो पार्किंग’. हा पत्रा ना पोलिसांनी लावलेला, ना महापालिकेने. दुकानदाराने स्वतःच्या अधिकारात लावलेला. त्याला कोणी हात लावत नाही, कारण तो सरकारी दिसतो.

घरी येऊन तावातावाने लिहायला बसलो आणि दोन ओळींतच पेन थांबले. कारण एक जुनी आठवण वर आली.

१९९४ च्या सुमाराला मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. ठेवींचे उद्दिष्ट मोठे होते आणि शाखा पहिल्या मजल्यावर. जिना असा आडबाजूला की, नव्या माणसाला बँक सापडू नये. तेव्हा मीच पेंटरला बोलावून एक दुपाखी पाटी करून घेतली. ‘आवर्ती ठेव: थेंबे थेंबे तळे साचे’. ती रोज सकाळी खाली फुटपाथवर उभी करायची. संध्याकाळी कॅश बंद झाली की, नाना स्वतः खाली जाऊन ती घडी करून वर आणत. शिपायावर त्यांचा भरवसा नव्हता. चार वर्षे ती पाटी उभी होती. परवानगी घ्यायची असते, हे आमच्या मनातही आले नाही. तिला कोणी अडखळून पडले का? मला माहीत नाही. कारण आम्ही वर होतो.

तेव्हा हा लेख दुकानदारांवर फिर्याद म्हणून वाचू नये. मी आरोपींपैकीच एक आहे.

आमच्या बँकेच्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे: नजरगहाण. दुकानदाराला मालावर कर्ज दिले की, माल बँकेत आणून ठेवत नाहीत. तो दुकानातच राहतो, विकला जातो, नवा येतो. पण त्याच्यावर बँकेची नजर असते. दर महिन्याला मालाचे पत्रक येते, अधिकारी अधूनमधून तपासणीला जातो, आणि दुकानात एक पाटी लावावी लागते की, या दुकानातील माल अमुक बँकेकडे नजरगहाण आहे. म्हणजे मालकी एकाची, हक्क दुसऱ्याचा, आणि ती गोष्ट सर्वांना दिसेल अशी भिंतीवर लिहिलेली.

फुटपाथचेही असेच काहीसे आहे. मालकी शहराची, ताबा दुकानदाराचा आणि हक्क चालणाऱ्याचा. फरक एवढाच की, ज्याचा हक्क आहे त्याचे नाव कुठल्याच पाटीवर नाही आणि त्याच्या वतीने तपासणीला कोणी जात नाही.

कायदा नाही असे नाही. महापालिकांचा कायदा १९४९ चा आहे. आपल्या शहरात नगरपालिका जाऊन डिसेंबर १९८२ मध्ये महापालिका आली आणि तो आपल्याला लागू झाला. त्यातली २२९ ते २३१ ही कलमे वाचण्यासारखी आहेत. रस्त्यावर परवानगीशिवाय काही उभारू नये, मग ते पक्के असो की हलवता येण्याजोगे; खुर्ची, बाक, पेटी, शिडी असले काही ठेवून वाट अडवू नये; आणि ठेवलेच तर आयुक्तांनी ते विनानोटीस काढून न्यावे. दुसरीकडे २४४ आणि २४५ ही जाहिरातींची कलमे. त्यांत ‘आकाशचिन्ह’ असा एक भव्य शब्द येतो. इमारतीवरून आभाळात डोके काढणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. त्याला परवाना लागतो. मात्र आपल्याच दुकानाच्या इमारतीवर आपल्याच धंद्याची साधी पाटी लावली तर तिला सर्वसाधारणपणे ही परवानगी लागत नाही.

आता गंमत पाहा. तीच पाटी भिंतीवर असली तर निर्दोष. भिंतीवरून उतरून चार पावले पुढे आली की, ती जाहिरात राहत नाही. ती रस्त्यावर टाकलेली पेटी किंवा शिडी होते. आकाशाचा विचार कायद्याने बारकाईने केला आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट बाय १२० फुटांचे होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे गेली, त्यानंतर तो अधिकच बारकाईने होऊ लागला, आणि ते योग्यच झाले. पण अडीच फुटांची घडीची पाटी ना त्या आकाशात बसते, ना कोणाच्या फायलीत. व्यवहारात तिच्या नशिबी दोनच गोष्टी येतात. एक तर वर्षानुवर्षे कोणी तिच्याकडे पाहत नाही. किंवा एके दिवशी गाडी येते आणि तिला उचलून नेते.

त्या गाडीची एक हकीकत सांगतो. गाव आपले नव्हे. मराठवाड्यातलेच दुसरे एक शहर, जिथे माझी बदली झाली होती. तिथे बाजारपेठेच्या मागच्या बोळात एक टेलरमास्तर होते. एका खोलीत दोन मशिनी. दुसऱ्या मशिनीला कर्ज मीच दिलेले. बोळाच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यावर, त्यांची एक लाकडी पाटी उभी असे: कात्रीचे चित्र, बाण आणि ‘अर्जंट अल्टर करून मिळेल’. एकदा सणाच्या तोंडावर अतिक्रमणाची गाडी आली, आणि हातगाड्या, छत्र्या यांच्याबरोबर ती पाटीही गेली. पुढच्या दोन महिन्यांचे हप्ते थकले. मी वसुलीला गेलो. मास्तर मशीनवर बसलेले, पुढ्यात एकही कपडा नाही.

“साहेब, दुकान हाय तिथंच हाय,” ते म्हणाले, “पण लोकायला दिसंना गेलं.”

पाटी सोडवायला दंड भरावा लागत होता. तो भरायची त्यांची तयारी होती. पण भरल्यावर ती पुन्हा कुठे उभी करायची, याचे उत्तर त्या कार्यालयात कोणाकडेच नव्हते. एक बाबू म्हणाले म्हणे, “ठेवा ना तिथंच. गाडी काय रोज येते का?”

या एका वाक्यात सगळा कारभार आला. ‘ठेवू नका’ असेही नाही आणि ‘अशी ठेवा’ असेही नाही. गाडी येईपर्यंत ठेवा. जिथे पावती मिळत नाही तिथे मेहेरबानी मागावी लागते. आणि मेहेरबानीवर चालणारा माणूस नियम कशाला पाळेल? तो पाटी जरा आणखी पुढे सरकवतो. उद्या जाणारच आहे, तर आज पुरेपूर वापरून घेऊ.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या होत्या. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत, कोणाला ते खाजगी कामासाठी बळकावता येणार नाहीत, हे तर म्हटलेच. पण विनानोटीस काढण्याचा अधिकार कायद्यात आहे म्हणून प्रत्येक वेळी विनानोटीसच काढले पाहिजे असे नाही, हेही म्हटले. १९८९ च्या सोदनसिंग खटल्यात रस्त्याकाठी धंदा करणे हा नियमांच्या चौकटीतला हक्क मानला गेला, आणि २०१४ मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले की, अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. म्हणजे नानांचा हक्क आता घटनेच्या एकविसाव्या कलमात जाऊन बसला आहे. निराला बाजारात उतरायचा तेवढा राहिला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अलीकडे इतका का वाढला? माझ्या मते दोन कारणे. पहिले कारण पेंटर गेले. माझ्या लहानपणी गुलमंडीवर, सिटी चौकात पाट्या लाकडाच्या किंवा पत्र्याच्या असत. जुन्या दुकानांवर वर उर्दू आणि खाली मराठी अक्षरे असायची. निजामी राजवट १९४८ मध्ये गेली, तरी पत्रा टिकून होता. पाटी रंगवायला आठ-आठ दिवस लागत. खर्च होई. म्हणून एका दुकानाला एकच पाटी असे आणि ती जपली जाई. मग फ्लेक्स आला. चौरस फुटाच्या भावाने, तासाभरात, फोटोसकट. पाटी स्वस्त झाली तशी एका दुकानाच्या पाच झाल्या. भिंत एकच असल्यामुळे चार खाली उतरल्या.

दुसरे कारण शहर वाढले, पण वाट वाढली नाही. वाळूजची औद्योगिक वसाहत, सिडको, जालना रोड. चाळीस वर्षांत गाव कुठल्या कुठे गेले. घरांच्या खालच्या खोल्या दुकाने झाल्या, वाहनतळासाठी सोडलेल्या जागाही अनेक ठिकाणी दुकाने झाल्या. वाहने फुटपाथवर आली आणि माणसे रस्त्यावर. जुन्या गावात तर फुटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी गटारावर टाकलेल्या फरश्या. त्यावर दुकानाची पायरी, पायरीपुढे दुचाकी, दुचाकीपुढे पाटी. भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, फुटपाथवर निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, जागा संपूर्ण मोकळी असावी, आणि बाजारपेठेत त्याहून जास्त. मी टेप घेऊन गेलो होतो. सवय जात नाही. एका ठिकाणी मोकळी वाट एकवीस इंच भरली. त्यात नाना मावतात, पण नानांचा हात धरणारा नातू मावत नाही.

या शहराने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत २०२२ मध्ये जी ११ विजेती शहरे जाहीर झाली, त्यांत आपले नाव होते. जून-जुलै २०२५ मध्ये मोठ्या रस्त्यांवर अतिक्रमणे हटवण्याची मोहीम निघाली. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले आणि हजारो पाट्यांवरचा मजकूर बदलला. त्याच्या आगेमागे दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत हव्यात हा नियम राज्याने २०२२ मध्ये लहान दुकानांनाही लावला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे पाटीवर कोणती लिपी असावी, अक्षर किती मोठे असावे, हे आपण ठरवू शकतो. ठरवले की ते होते, हेही दिसले. मग पाटी कुठे उभी राहावी एवढेच ठरवणे अवघड का असावे?

इतरांनी काय केले ते पाहू. स्कॉटलंडमधले एडिंबरा हे आपल्यासारखेच जुने, बोळांचे आणि प्रवाशांचे शहर. तिथल्या नगरपरिषदेने नोव्हेंबर २०१८ पासून फुटपाथवरच्या घडीच्या पाट्यांवर शहरभर सरसकट बंदी घातली. अंधांच्या संघटनांनी तिचे स्वागत केले. आडबाजूच्या दुकानदारांनी ओरड केली की, आता आम्हाला शोधणार कोण? आमचे टेलरमास्तर तिथेही आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी मधला मार्ग धरला. एका दुकानाला एक पाटी. तिची उंची-रुंदी ठरलेली. चार-पाच फूट वाट मोकळी राहिलीच पाहिजे. दुकान बंद झाले की पाटी आत. आणि काही ठिकाणी तर त्या पाटीपायी कोणाला इजा झाली तर भरपाईसाठी विमाही काढायचा. शेवटची अट वाचून माझ्यातला बँकवाला सुखावला. ज्याला जागा हवी त्याने जोखीमही घ्यावी.

आपल्याला यातले काय पेलेल? मला वाटते, चार गोष्टी पुरेत.

पहिली, माप. फुटपाथवर एक पिवळी रेघ ओढावी. रेघेच्या रस्त्याकडच्या बाजूला सहा फूट वाट पूर्ण मोकळी. भिंतीकडे जागा उरली तर तिथे एक पाटी. सहा फूटच नसतील तर पाटी नाही. तिथे वाद नको. दुसरी, पावती. वर्षाला अल्पशी फी आणि पाटीवर चिकटवायचा क्रमांक. ज्या पाटीवर क्रमांक नाही ती उचलावी. ज्या पाटीवर आहे ती रेघेबाहेर दिसली तर आधी नोटीस, मग दंड. तिसरी, वेळ. शटर खाली तर पाटी आत. आमचे नाना चार वर्षे हे करत होते, कोणालाही जमेल. चौथी मास्तरांसाठी. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी, भिंतीला लावून, महापालिकेने एकच सामायिक फलक उभारावा आणि आतल्या दुकानांची नावे भाडे घेऊन त्यावर लिहू द्यावीत. व्यापारी संकुलाच्या जिन्यापाशी अशी नावांची यादी असतेच. बोळ हेही गरिबाचे संकुलच आहे.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो मला आमच्या कट्ट्यावर लगेच ऐकायला मिळाला. बोट दिले की हे लोक हात धरतात. एक पाटी कायदेशीर केलीत की तिच्याआड तीन उभ्या राहतील. आक्षेप खोटा नाही. पण आज आपण बोट न देताच हात गेलेला आहे. छत्तीस वर्षे कर्जे वाटल्यावर माझा अनुभव असा की, अटी थोड्या, स्पष्ट आणि माणसाला पाळता येतील अशा असल्या तर लहान कर्जदार त्या बहुधा पाळतो. टेलरमास्तरांनी नंतर सगळे हप्ते फेडले, उशिरा का होईना. बुडवणारे वेगळे होते. त्यांच्या पाट्या फुटपाथवर नव्हत्या, आभाळात होत्या.

अर्थात पिवळी रेघ ओढायला रंग लागतो, पण ती टिकवायला तपासणी लागते. महिन्यातून एकदा टेप घेऊन फिरणारा एक माणूस. गाडी नको, पोकलेन नको, बंदोबस्त नको. आजवर आपण मोहिमा पुष्कळ केल्या. तपासणी केली नाही. मोहिमेचा फोटो पेपरात येतो, तपासणीचा येत नाही, हेही खरे.

परवा नानांचे प्लास्टर निघाले. त्यांना निराला बाजारात जायचेच होते. आता हातात पांढरी काठी आहे. मी सोबत गेलो. त्या दुकानापुढे आलो तेव्हा पाटी होती तिथेच होती, फक्त ‘सेल’च्या जागी ‘नवा माल’ आला होता. काठी पाटीच्या दोन पायांमधून आरपार गेली. तिला काही लागलेच नाही. मी नानांचा दंड धरला नसता तर पुन्हा तेच झाले असते.

मी दुकानात शिरून भांडणार, एवढ्यात मालक स्वतः बाहेर आला. तिशीतला मुलगा. नानांची काठी पाहून ओशाळला. पाटी उचलून भिंतीला लावली आणि म्हणाला, “काका, सॉरी. पण ही कुठं ठेवायची ते एकदा कोणी सांगा ना. शेजारच्यानं पुढं ठेवली की मलाही ठेवावी लागते.”

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी दुखऱ्या हाताने पाटी चाचपली, तिच्या बिजागऱ्या पाहिल्या आणि तिची घडी घालून दाखवली. मग मला म्हणाले, “साहेब, आपली होती तशीच आहे हो. तेव्हा आपल्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.”